तंबूतला एसी किती डिझेल पितो? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात मोहिमेवर गेलेल्या सैन्याच्या छावण्या गार-गरम ठेवायला किती इंधन जातं आणि ते आधीच कसं मोजायचं, म्हणजे त्याचं मॉडेल कसं मांडायचं, यावर छोटा लेख होता. छोटा म्हणजे अगदीच छोटा, जागाच तेवढी मिळाली होती, त्यामुळे अर्धे मेल "विषय काढलात आणि मधेच सोडलात" असेच आलेत. मान्य. म्हणून यावेळी अख्खं सदर त्याच विषयाला दिलंय. प्रश्न थोडे कापलेत, सारखे होते ते एकत्र केलेत. उदाहरणं बरीचशी अमेरिकन सैन्याची येतील, कारण इराक आणि अफगाणिस्तानात त्यांचे हात चांगलेच पोळले आणि मग त्यांनी त्यावर उघडपणे लिहिलंही.

प्रश्न : सैनिकाचं आयुष्य खडतर असतं असंच ऐकत आलोय. तिथे एसी लावायचा आणि वर त्याच्या विजेचं मॉडेल करत बसायचं, हे जरा चोचले नाहीत का?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि सूरही सगळ्यांचा हाच. बाहेर ४८-४९ डिग्री असताना चिलखत आणि हेल्मेट घालून दिवसभर फिरून आलेला माणूस रात्री झोपलाच नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात बंदूक द्यायची का हा प्रश्न आहे, आणि तंबूत काय फक्त माणसं असतात का, रेडिओ असतात, सर्व्हर असतात, रक्ताच्या पिशव्या असतात, ऑपरेशनचं टेबल पण तंबूतच असतं. उष्णतेचा धोका मोजायला आज कारखान्यांत आणि खेळाच्या मैदानांवर जो डब्ल्यूबीजीटी निर्देशांक वापरतात तो मुळात १९५० च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या ट्रेनिंग कॅम्पांमधल्या उष्माघातांमुळे जन्माला आला. त्यामुळे चोचले म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाहीये.

आता खर्चाची बाजू, कारण मॉडेल त्याच्यासाठी असतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सल्ला देणाऱ्या डिफेन्स सायन्स बोर्डाचा २००८ चा एक अहवाल आहे, त्यात आर्मीच्या इंधनाचा हिशोब दिलाय. शांततेच्या काळात जनरेटर वर्षाला २.६ कोटी गॅलन पितात. युद्ध सुरू झालं की तोच आकडा ३५.७ कोटी गॅलन. त्याच तक्त्यात रणगाडे वगैरे लढाऊ गाड्या १६.२ कोटींवर आणि लढाऊ विमानं-हेलिकॉप्टर ३०.७ कोटींवर. म्हणजे सगळ्यात मोठा खादाड कोण तर कोपऱ्यात घरघरत उभा असलेला जनरेटर. आणि त्याच्यावर स्वयंपाकघर, पाणी, कॉम्प्युटर सगळं चालत असलं तरी गरम हवामानातल्या छावणीत मोठा वाटा तंबू गार करणाऱ्या मशीन खातात. हे इंधन टँकरच्या ताफ्यातून येतं, आणि आर्मीच्याच एका अभ्यासात २००७ सालासाठी अफगाणिस्तानात दर २४ इंधन-ताफ्यांमागे एक माणूस मृत किंवा जखमी असं प्रमाण निघालं होतं. एवढं कळलं की एसीच्या विजेचं मॉडेल करणाऱ्याला कुणी हसत नाही.

प्रश्न (मेकॅनिकल थर्ड इयरची विद्यार्थिनी) : प्रोजेक्टसाठी ५० तंबूंच्या छावणीचं मॉडेल करतेय. एसीच्या नेमप्लेटवरचे किलोवॅट गुणिले २४ तास गुणिले ५० तंबू असं केलं. गाईडनी बघून नुसतं "हं" केलं. चुकलं कुठे?

उत्तर : ते "हं" मी पण ऐकलंय, त्यामुळे तुझं दुःख कळलं.

चुकलं असं की तू मशीनपासून सुरुवात केलीस. सुरुवात कापडापासून करायची. मशीन किती वेळ आणि किती जोरात चालणार हे तंबू ठरवतो, नेमप्लेट नाही. नेमप्लेटवरचा आकडा एका ठरावीक बाहेरच्या तापमानाचा असतो, साध्या एसीसाठी बहुतेकदा ३५ डिग्री. बाहेर ५० झाले की एकीकडे मशीनची गार करायची ताकद घटते आणि दुसरीकडे ती वीज जास्त खेचते, म्हणजे दोन्ही बाजूंनी तुझा आकडा हलला. सैन्याच्या मशीन, ज्यांना तिकडे ईसीयू म्हणतात, साधारण ५२ डिग्रीपर्यंत चालतील अशा बनवलेल्या असतात, पण चालणं वेगळं आणि पूर्ण ताकदीने चालणं वेगळं.

आता एक तंबू कागदावर घेऊ. ६ बाय १० मीटरचा, सगळं कापड मिळून १३० चौरस मीटर, त्यातलं छप्पर ६५. आतली हवा १६० घनमीटर. बाहेर ४५, आत २५ पाहिजे, म्हणजे फरक २० डिग्रीचा. एकेरी कापडातून दर चौरस मीटरला दर डिग्रीला साधारण ६ वॅट उष्णता आत येते असं धर. १३० गुणिले ६ गुणिले २०, झाले १५.६ किलोवॅट. हे नुसत्या गरम हवेचं. छपरावर ऊन पडतं ते वेगळंच, भर दुपारी चौरस मीटरला ८०० वॅट ऊन, कापडाने त्यातलं ७० टक्के शोषलं आणि वाऱ्याने थोडं परत नेलं असं धरलं तर छपराला बाहेरची हवा ४५ ची नाही तर ७३ ची आहे असं वाटतं. हे जे २८ डिग्री वाढीव आहेत त्यांचे आणखी ११ किलोवॅट. मग फटी, दार, चेन यांतून हवा तासाला चार वेळा बदलते असं धरलं तर ४ किलोवॅट. बारा माणसांचा जवळजवळ १. बेरीज साडेएकतीस.

आणि या तंबूला सहसा जी मोठी मशीन लावतात ती ६०,००० बीटीयूची, म्हणजे पाच टनाची, म्हणजे गार करायची ताकद १७.६ किलोवॅट. नेमप्लेटवर. ४५ डिग्रीला त्याहून कमी. म्हणजे दुपारी मशीन सलग चालणार आणि आत २५ कधीच होणार नाही. तुझं २४ तासांचं गृहीतक दुपारपुरतं बरोबर निघालं बघ, चुकून का होईना. आता याच तंबूवर थोडी जागा सोडून सावलीची जाळी टाक, ऊन ७० टक्के अडलं, बेरीज २४ वर आली. आतून एक अस्तर लाव, कापडाचे ६ वॅट ३ वर आले, बेरीज साडेचौदा. मशीन तीच, तंबू तोच, आणि आता तिला मधेमधे श्वास घ्यायला वेळ मिळतो.

एवढं जमलं की मग वर्षभराच्या ८,७६० तासांचं हवामान घाल. एनर्जीप्लस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं आहे, पण ते मुळात इमारतींसाठी बनलंय हे विसरू नको. विटांची भिंत उन्हाचा दणका संध्याकाळपर्यंत धरून ठेवते, तंबूच्या कापडात धरून ठेवायला काही नसतंच, सूर्य वर आला की काही मिनिटांत आत भट्टी आणि ढग आला की लगेच उतार, त्यामुळे हिशोबाला एक तासाचा टप्पा फार मोठा पडतो, दहा मिनिटांचा घे. दुसरं म्हणजे फटींतून येणारी हवा. तो "तासाला चार" मी सोयीसाठी धरलाय. खऱ्या तंबूत तो वाऱ्याप्रमाणे बदलतो, आणि जेवणाच्या वेळी लोक सारखे आतबाहेर करतात तेव्हा दारापुढे छोटी दालनासारखी डबल एंट्री आहे की नाही यावर आकडा दुप्पट नाहीतर निम्मा होतो. इन्सुलेशनवर तीन पानं आणि दारावर एक ओळ असे रिपोर्ट मी खूप पाहिलेत.

दमट जागेचं विसरलोच. आखाताच्या किनाऱ्यावर हवेतलं पाणी काढायलाच मशीनची बरीच ताकद जाते, वाळवंटात आत गेलं की तो भाग जवळजवळ शून्य. वरच्या गणितात मी तो धरलेला नाही, तू धर.

प्रश्न : आत २५ डिग्री असताना पण सैनिक थर्मोस्टॅट १८ वर का नेतात? शिस्त नाही म्हणायची का?

उत्तर : शिस्तीचा संबंध नाही. हवा २५ ची असते पण डोक्यावरचं कापड आतल्या बाजूने ४५-५० चं असतं आणि ते अंगावर उष्णता फेकत असतं, तापलेल्या तव्याखाली झोपल्यासारखं. शरीराला हवा आणि भिंती या दोन्हींची सरासरी कळते. म्हणून माणूस हवा आणखी गार करायला बघतो. मॉडेलमध्ये फक्त हवेचं तापमान धरलं की ही गोष्ट निसटते आणि मग प्रत्यक्षातली वीज मॉडेलपेक्षा जास्त येते. अस्तर लावलं की बटणाला लागणारे हात आपोआप कमी होतात, सर्क्युलर काढून होत नाहीत.

प्रश्न (जनरेटर मेकॅनिक, बावीस वर्षं याच कामात) : तुमच्या लेखात जनरेटरला तुम्ही एकच आकडा दिलात, अमुक लिटरला तमुक युनिट. साहेब, असं नसतं. अर्ध्याहून कमी लोडवर चालणारे सेट मी रोज बघतो. त्यांचं काय?

उत्तर : दादा, तुम्ही पकडलंत. जागेअभावी एकच आकडा दिला होता आणि तो द्यायला नको होता, कारण या विषयातली खरी गंमत तिथेच आहे.

मॉडेलमध्ये जनरेटरचं डिझेल दोन तुकड्यांत मांडतात. एक तुकडा नुसतं इंजिन फिरत ठेवायचा, तो सेट किती मोठा आहे यावर ठरतो, लोड असो वा नसो. दुसरा तुकडा खरोखर दिलेल्या विजेचा. ढोबळ आकडे म्हणजे सेटच्या दर किलोवॅटमागे तासाला ०.०८ लिटर, आणि वर दिलेल्या प्रत्येक युनिटमागे ०.२५ लिटर. आता ६० किलोवॅटचा सेट घ्या आणि त्याला एकच तंबू जोडा, एसी समजा ९ किलोवॅट खेचतोय. इंजिन फिरवायचेच ४.८ लिटर, विजेचे सव्वादोन, एकूण सात लिटरच्या वर. म्हणजे युनिटला पाऊण लिटरहून जास्त! तोच सेट ४५ किलोवॅटवर चालवला तर तासाला १६ लिटर, युनिटला ०.३६. पाच तंबूंना पाच सेट लावले तर तासाला ३५ लिटर, पाचही एकाच सेटवर घेतले तर १६. दिवसाला साडेचारशे लिटरच्या वर फरक, आणि एसीला हात पण लावलेला नाही.

मग इतका मोठा सेट लावतातच का, असं बाकीचे वाचक विचारतील. तुम्हाला माहितीच आहे, कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढतो. तो झटका सहन व्हावा म्हणून सेट मोठा घेतात आणि मग उरलेले चोवीस तास तो मोठा सेट रिकामा धावतो. वर "पुढे कधी लागलं तर" म्हणून थोडा आणखी मोठा. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक माणसाने आपापली खबरदारी मिळवलेली असते. सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारी जोडणी, किंवा स्पीड बदलणारा कॉम्प्रेसर लावला की विजेची बचत किती होते हे सगळे विचारतात, पण त्याची खरी कमाई ही की सेट लहान घेता येतो. हे मॉडेलमध्ये दिसायचं असेल तर सुरुवातीचा झटका मॉडेलमध्ये असायला हवा, आणि तासाच्या सरासरीत तो कुठून दिसणार?

तुम्ही मेलमध्ये वेट स्टॅकिंगचं लिहिलंय ते इतरांसाठी थोडक्यात. डिझेल इंजिन फार कमी लोडवर, साधारण ३० टक्क्यांच्या खाली, खूप वेळ चाललं की नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये साचतं, काळं तेल गळायला लागतं. मग उपाय काय, तर लोड बँक जोडायची, म्हणजे मोठा हीटर, आणि वीज उघड्यावर जाळायची. इंजिनाची तब्येत राखायला! आणि कधीकधी तर याच कारणासाठी रिकाम्या तंबूतले एसी चालू ठेवतात. माणसं किती, तंबू किती, ऊन किती असं सगळं चोख घातलेल्या मॉडेलला ही गोष्ट स्वप्नातही सुचणार नाही, ती तुमच्यासारख्या माणसाला विचारूनच कळते.

याच्यावर अमेरिकन आर्मीने दोन बाजूंनी काम केलं. एक, जुन्या सेटच्या जागी कमी डिझेल पिणारे नवे सेट आणले. दोन, तंबूगणिक सेट ठेवण्याऐवजी सगळे एका जाळ्यात जोडून लोडप्रमाणे सेट चालू-बंद करायचे, ज्याला मायक्रोग्रिड म्हणतात. २०११ मध्ये बगराम तळावर एक मेगावॅटचा असा प्रयोग झाला होता. अडचण वायरिंगची असते, छावणी वाढत जाते तशी तारा कुठून कुठे गेल्यात हे कुणालाच माहीत नसतं.

प्रश्न : उन्हाचं खूप झालं. बर्फात काय करतात? तोच एसी उलटा चालवून तंबू गरम करता येत नाही का?

उत्तर : येतो, पण आधी बघा की तुमची मशीन गरम करते कशी. जुन्या बऱ्याच ईसीयूंमध्ये उलट चालवणं वगैरे नसतं, सरळ आत हीटरची कॉइल असते. एक लिटर इंधनात साधारण साडेनऊ युनिट ऊर्जा असते. ती जनरेटरमधून काढून कॉइलमध्ये घातली तर तंबूत पोचतात जेमतेम २.८ युनिट, बाकी सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेरच्या बर्फाला. तेच लिटर हीटरमध्ये थेट जाळलं तर साडेसातच्या आसपास. हे माहीत असलं की विजेने तंबू गरम करायचं नाव कुणी काढत नाही. खरा हीट पंप, म्हणजे उलटा चालणारा एसी, लावला तर सौम्य थंडीत तोही सातच्या घरात जातो, पण कडाक्याच्या थंडीत नेमकं हवं तेव्हा त्याची ताकद घटते.

आणि थंडीत फरक किती मोठा असतो तेही लक्षात घ्या. उन्हाळ्यात बाहेर-आत २० डिग्रीचा फरक, उणे ३० ला तोच ५० चा. वरचाच एकेरी तंबू २० डिग्रीवर ठेवायचा तर नुसत्या कापडातून ३९ किलोवॅट जातात. म्हणून तिथे अख्खा तंबू गरम करायचा हट्टच सोडतात, स्लीपिंग बॅग, कपडे आणि झोपायच्या जागेपुरती ऊब असा विचार करतात. जळणारी शेगडी आत असेल तर कार्बन मोनॉक्साइडसाठी हवा खेळती ठेवावीच लागते, ती हवा मॉडेलमध्ये धरलीच पाहिजे, बचतीच्या नावाखाली ती फट बुजवायची नाही. जनरेटरची वाया जाणारी उष्णता पाइपने तंबूत आणायची कल्पना कागदावर झकास दिसते. पण जनरेटर आवाजामुळे लांब ठेवलेला असतो.

प्रश्न : इराकमध्ये तंबूंवर फोम फवारला होता म्हणे. मग एवढं डोकं कशाला, सगळीकडे तेच करा ना.

उत्तर : फवारला होता, आणि फरक पडलाही. वरच्या तंबूवर पाच सेंटीमीटरचा फोम घातला तर कापडाचे ६ वॅट अर्ध्या वॅटवर येतात, कापड आणि ऊन मिळून साडेसव्वीस किलोवॅट होते ते सव्वादोनच्या आसपास. फटी पण बुजतात. इंधन वाचवायचा एवढा स्वस्त मार्ग दुसरा क्वचितच मिळेल.

पण मग तंबू तंबू राहत नाही. घडी होत नाही, उचलून नेता येत नाही, छावणी उठली की सगळा कचरा, आणि आग लागली तर फोमचा धूर हा वेगळा विषय. म्हणून मॉडेलमध्ये एक ओळ अशी हवी की ही छावणी इथे किती दिवस राहणार. तीन आठवडे असेल तर फोम आणायच्या ट्रकचं डिझेलसुद्धा वसूल होत नाही, तीन वर्षं असेल तर प्रश्नच नाही. लोचा असा की "तीन महिन्यांसाठी" म्हणून उभारलेल्या छावण्या वर्षानुवर्षं उभ्या राहतात, आणि त्याचं समीकरण माझ्याकडे नाही.

अजून एक गोष्ट, फोम झाल्यावर जुनी पाचटनी मशीन तशीच ठेवली तर ती दोन मिनिटं चालून बंद, पुन्हा दोन मिनिटं चालू असं करत बसते. दमट जागी त्यात हवेतलं पाणी निघत नाही, आत गार पण चिकट वाटतं. आणि फटी बुजल्यामुळे बारा माणसांना ताजी हवा मुद्दाम आणावी लागते. इन्सुलेशन बदललं की मशीन आणि जनरेटर दोन्हींचं गणित पहिल्यापासून, असा माझा तरी नियम आहे.

प्रश्न : इराक-अफगाणिस्तानात नुसत्या एसीवर वर्षाला २० अब्ज डॉलर जायचे असं वाचलं होतं. खरं का?

उत्तर : हा आकडा २०११ मध्ये निवृत्त ब्रिगेडियर जनरल स्टीव्हन अँडरसन यांनी एका रेडिओ मुलाखतीत दिला. ते इराकमध्ये जनरल पेट्रेअस यांच्या हाताखाली रसद सांभाळायचे, म्हणजे ऐकीव बोलणारे गृहस्थ नव्हेत. पेंटॅगॉनने तो मानला नाही. त्यांचं म्हणणं, २०१० च्या आर्थिक वर्षात जगभरातल्या सगळ्या लष्करी कारवायांच्या ऊर्जेवर मिळूनच १५ अब्ज गेले, आणि अफगाणिस्तानात ऑक्टोबर २०१० ते मे २०११ या काळात इंधनावर दीड अब्जच्या आसपास.

मग खोटं कोण? माझ्या मते दोघं वेगवेगळी गोष्ट मोजत होते. पेंटॅगॉनने इंधनाचं बिल धरलं. अँडरसननी ते इंधन तिथे पोचवायचा सगळा व्याप धरला, ताफे, त्यांच्या रखवालीचे सैनिक, हेलिकॉप्टर, अगदी रस्ते बांधणंसुद्धा. अशा हिशोबाला पूर्ण भार धरलेली किंमत म्हणतात आणि खरेदीच्या वेळी ती धरावी असं अमेरिकेच्या २००९ च्या संरक्षण कायद्यातही आलं. पण तो रस्ता काय फक्त एसीसाठी बांधला होता का? कुंपण कुठे घालायचं यावर उत्तर दहापट हलतं. म्हणून मी मॉडेलमध्ये लिटरवर थांबतो. डॉलर ज्याला लावायचेत त्याने लावावेत आणि कुंपण कुठे घातलं ते पहिल्या पानावर लिहावं.

प्रश्न : सगळं करून मॉडेल तयार झालं. ते बरोबर आहे हे कळायचं कसं?

उत्तर : मोजून. दुसरा रस्ता नाही. अमेरिकन आर्मीने त्यासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या फोर्ट डेव्हन्सला २०११ मध्ये दीडशे-दीडशे सैनिकांच्या दोन छावण्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, एक नेहमीसारखी आणि दुसरीत नवीन वस्तू लावायच्या, आकाश दोघींवर एकच. त्याच राज्यात नाटिकला १९५४ पासून हवामानाच्या खोल्या आहेत, उणे ५७ पासून ७४ डिग्रीपर्यंत. तुमच्याकडे यातलं काही नसेल तर एक तंबू, एक पॉवर लॉगर (वीज किती खेचली जाते ते नोंदवत राहणारं यंत्र) आणि चार तापमानाचे सेन्सर एवढ्यावरही बरंच कळतं. सेन्सर एक छपराच्या आतल्या बाजूला, एक माणसाच्या उंचीला, एक एसीच्या गार हवेच्या तोंडाशी आणि एक परतीच्या.

मी स्वतः असा एक तंबू तीन आठवडे मोजलाय. मॉडेल सांगत होतं की संध्याकाळी सहानंतर कॉम्प्रेसरला विश्रांती मिळायला लागेल. लॉगरवर रात्री अकरापर्यंत सरळ रेघ, कॉम्प्रेसर थांबल्याचा एक दात नाही. दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग सगळे करतात तेच केलं, फटींच्या हवेचा आकडा वाढवत गेलो. तासाला चार, सहा, आठ. तासाला अकरा धरल्यावर ग्राफ असा काही जुळला की मी खूश होऊन रिपोर्ट लिहायला बसलो, "या प्रकारच्या तंबूत हवाबदल अपेक्षेपेक्षा बराच जास्त आढळला" असं छान वाक्यही जमलं होतं. आठ पानं झाली होती.

नवव्या पानावर असताना तिथला टेक्निशियन चहा घेऊन आला आणि म्हणाला, सर, मागे कोणी बघितलंय का? एसी बाहेर असतो ना, दोन जाड कापडी नळ्यांनी तंबूला जोडलेला. परतीची नळी मशीनच्या कॉलरवरून अर्धी घसरली होती, पट्टा सैल पडलेला. मशीन तंबूतली हवा ओढायच्या ऐवजी बाहेरची ४४ डिग्रीची हवा मजेत ओढत होती. परतीचा सेन्सर मी तंबूच्या बाजूला लावला होता, त्यामुळे त्याला काही कळायचं कारणच नव्हतं. त्याने गुडघ्यावर बसून पट्टा आवळला, दोन मिनिटांचं काम. त्या रात्री साडेसातला लॉगरवर पहिला दात दिसला. मी मॉडेलमध्ये जाऊन अकराचे परत चार केले आणि सेन्सर नळीच्या दुसऱ्या टोकाला हलवला.